चंद्राचे तेरा आणे

शाळेच्या भिंतीवर एक चंद्र काढायचा होता, बाकी काही नाही. ब्राह्मणपुरीच्या शाळेला नवीन कंपाउंड झालं, विज्ञान दिन पंधरा दिवसांवर आला, आणि कामिनी मॅडमच्या मनानं घेतलं की भिंतीवर सूर्य, चंद्र, ग्रह काढून खाली प्रत्येकाचं अंतर लिहावं. चित्रं काढायला पेंटर होता. पण त्याचं अक्षर ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर शोभावं असं. म्हणून मॅडम संध्याकाळी रूपचंद आप्पांच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, आकडे तेवढे तुम्ही लिहाल का?"

आता आप्पांच्या अक्षराबद्दल सांगायलाच हवं, कारण ते स्वतः सांगितल्याशिवाय राहत नसत. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून जमिनी मोजल्या आणि नकाशांवर अक्षर काढलं. अक्षर असं की भाऊबंदकीत हरलेला माणूसही नकाशा हातात घेऊन म्हणायचा, जमीन गेली पण लिहिलंय छान. हे आप्पा सांगत. दुसरं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

मॅडम आल्या तेव्हा आप्पांनी पटकन आत जाऊन चहा टाकला. या चहाचं एक दुखणं होतं. बायको, मीनाबाई, जाऊन दोन वर्षं झाली, तरी आप्पांचा हात पातेल्यात दोन कप पाणी घेतल्याशिवाय थांबत नसे. मग एक कप गरम प्यायचा आणि दुसरा गार झाल्यावर प्यायचा. सकाळचे साडेनऊ त्यातच वाजत. मोजणीदार असताना ओट्यावर माणसं येत, शेजाऱ्यानं बांध कोरल्याच्या तक्रारी आणत, हळू आवाजात साहेब म्हणत. आता मोजणीला यंत्र येतं, आकाशात भिरभिरणारं ड्रोन येतं, आणि आप्पांच्या ओट्यावर फार तर कुत्रं येऊन बसतं. त्या दुसऱ्या कपाला कोणी धनी मिळावा, एवढीच आप्पांची इच्छा होती. ती बोलून दाखवायची कशी, हे मात्र त्यांना साठी उलटली तरी कळलेलं नव्हतं.

मॅडमनी घाईघाईत अर्धा कप चहा घेतला, कागद दिला आणि गेल्या. कागदावर लिहिलं होतं: चंद्र, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटर.

आप्पांनी तो आकडा दोनदा वाचला आणि त्यांना वाईट वाटलं. किलोमीटर हे काय माप झालं? किलोमीटर म्हणजे रस्त्याच्या कडेचा दगड. गावात कोणाची जमीन किलोमीटरात आहे? इथं माणसाला गुंठा कळतो, एकर कळतो, म्हाताऱ्यांना फर्लांग कळतो, आणि या सगळ्यांची आई म्हणजे साखळी. इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेली तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे भाग सोळा, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. तेहतीस बाय तेहतीसचा चौकोन म्हणजे एक गुंठा. याच साखळीनं या तालुक्यातला इंच न् इंच मोजला गेला, मग चंद्रानं काय घोडं मारलंय? आप्पांनी ठरवलं की चंद्राचं अंतर साखळी-आण्यांत लिहायचं. मॅडमना विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. मोजणीदार कोणाला विचारून मोजत नसतो.

गणित हातानं करायचं होतं. कॅल्क्युलेटर आप्पांना चालत नसे, कारण तो चुकला तर त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही. जुन्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार सुरू झाला. किलोमीटरचे मीटर, मीटरचे फूट, फुटांच्या साखळ्या. पहिल्या दिवशी उत्तर पाच कोटी आलं, दुसऱ्या दिवशी साडेतीन लाख. शेजारचा धर्मेंद्र, ज्याची केळी मुंबईपर्यंत जातात आणि मतं त्याच्याही पुढे, कुंपणावरून डोकावून म्हणाला, "आप्पा, इतली मगजमारी कसाले? मोबाईलले इचारा, एक सेकंदमा सांगी दी."

"मोबाईलनं कधी बांध पाहिलाय का?" आप्पा म्हणाले.

धर्मेंद्र विचारात पडला. तेवढ्यात त्याला फोन आला, त्यामुळे तो विचार अर्धाच राहिला. धर्मेंद्रचं बहुतेक सगळं असंच अर्धं राहायचं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि ताळा केला तर जमलंही. तीन कोटी ब्याऐंशी लाख सोळा हजार आठशे तेरा साखळ्या आणि तेरा आणे. त्या तेरा आण्यांवर आप्पांचा जीव जडला. कोटींचं काय, कोटी कोणीही सांगेल, पण वरचे तेरा आणे सोडले नाहीत यातच माणसाची कसोटी. सुरतेहून मुलीचा, भूमिकाचा, रविवारचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला ते मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"बाबा, गोळी घेतली का?" भूमिका म्हणाली.

"घेतली. तेरा आणे, बेटा. वर तेरा आणे."

"इकडे या ना तुम्ही राहायला. एकटे बसून काहीतरी करत बसता." मग तिच्या घरी कुकरची शिट्टी झाली आणि फोन संपला. चार मिनिटं. दर रविवारी चारच व्हायची, पण आप्पांना प्रत्येक वेळी वाटायचं की आज पाच होतील.

भिंतीवर अक्षर काढायला सुरुवात झाली आणि नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात तशी एकेक उगवू लागली. आधी कामिनी मॅडम म्हणाल्या, चंद्राचं अंतर रोज बदलतं, महिन्याभरात चाळीसेक हजार किलोमीटर मागेपुढे होतं, हा आकडा सरासरीचा आहे. आप्पा ब्रश हातात धरून उभेच राहिले. हद्दीची निशाणी स्वतःहून सरकते? माणसानं सरकवली तर गुन्हा दाखल होतो. त्यांनी वर पाहिलं, पण सकाळचे अकरा वाजले होते आणि आरोपी हजर नव्हता.

मग सूर्य. सूर्याच्या साखळ्यांचा आकडा अकरा अंकी निघाला आणि आप्पांच्या फूटभर अक्षरात तो भिंत संपवून पाण्याच्या टाकीवर जाऊ लागला. शेवटी सूर्य वीस साखळ्यांच्या फर्लांगात बसवावा लागला: चौऱ्याहत्तर कोटी छत्तीस लाख सत्तावन्न हजार त्रेचाळीस. शनीला तर आप्पांनी हातच लावला नाही. शनीच्या वाटेला शहाण्या माणसानं जाऊ नये.

आणि मग आले ग्रामसेवक. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. भाऊसाहेबांनी भिंत वाचली, गाडीवरून उतरून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "आप्पा, भिंत सरकारी. माप मेट्रिकच पाहिजे. साखळी लिहायची तर वरून परवानगी आणा. नाहीतर पुढे 'अंदाजे' लिहा, म्हणजे जबाबदारी नको."

अंदाजे. छत्तीस वर्षांत आप्पांनी हा शब्द कागदावर लिहिला नव्हता. मीनाबाई भाजीत मीठ अंदाजे टाकायच्या, तेसुद्धा ते डोळे मिटून खायचे. हा घाव जिव्हारी लागला आणि त्यांनी त्याच दुपारी अर्ज केला. विषय: चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर साखळी व आणे या मापात भिंतीवर लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत. अर्ज वरच्या कुठल्याशा कचेरीत गेला, तिथं कोणीतरी 'अंतर' आणि 'साखळी' एवढंच वाचून तो मोजणीच्या अर्जांत टाकला, आणि चौथ्या दिवशी शेरा मारून परत आला. गट नंबर नमूद नाही. सातबारा जोडलेला नाही. लगतच्या कब्जेदारांची नावे व पत्ते द्यावेत. त्रुटींची पूर्तता करून अर्ज फेरसादर करावा.

दुसरा कोणी असता तर हसला असता. आप्पांनी तो शेरा वाचला आणि त्यांना भरून आलं. शेरा बिनचूक होता. त्यांच्या हाताखाली हा अर्ज आला असता तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. त्यांनी एक पूर्ण संध्याकाळ चंद्राच्या चतुःसीमा ठरवण्यात घालवली. खालच्या बाजूला पृथ्वी एवढं जमलं, बाकी तिन्ही बाजूंना पडीक. लगतच्या कब्जेदारांत स्वतःचं नाव लिहावं का, हा प्रश्न त्यांना बराच वेळ पडला. आणि मग असं वाटलं की ही मजा सांगायला कोणीतरी पाहिजे होतं. ज्याला गट नंबर कळतो, त्रुटी कळते, आणि जो नेमक्या जागी "बरोबर आहे, साहेब" म्हणेल असं कोणीतरी. असा माणूस जगात एकच होता, आणि त्याचं नाव आप्पा नऊ वर्षं घेत नव्हते.

भाऊसाहेबांनी शेवटी मधला मार्ग काढला: किलोमीटर वर मोठ्या अक्षरात, साखळी खाली लहान. आप्पांनी लहान अक्षरात लिहिलं, पण लाल रंगात.

विज्ञान दिनाच्या आदल्या सकाळी धर्मेंद्र शाळेपुढं उभा होता, एका हातात मोबाईल. चारपाच माणसं त्याच्याभोवती होती. "आप्पा," तो म्हणाला, "मन्हा मोबाईल ते येगळंच सांगी ऱ्हायना. एक कोटी एक्क्याण्णव लाख सांगस. तुम्ही ते चांद दुप्पट लांब लोटी दिना."

माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच पौर्णिमेले बारीक दिसस." कामिनी मॅडमनी मोबाईल पाहिला, आप्पांकडे पाहिलं आणि ज्या आवाजात आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "आप्पा, बहुतेक कुठेतरी दोननं गुणलं गेलंय. होतं असं. मी पुसून घेते."

आप्पांची कानशिलं तापली. पण कारण त्यांना लगेच कळलं. मोबाईलची साखळी विलायतेची, सहासष्ट फुटांची. आपल्याकडची तिच्या निम्मी, तेहतीसची. हे त्यांनी समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. धर्मेंद्रचं म्हणणं, मोबाईलमध्ये नाही म्हणजे जगात नाही.

"साखळी दाखवतो," आप्पा म्हणाले. "टेप आणा, तेहतीस भरली नाही तर मीच पुसतो."

साखळी घरी माळ्यावर होती. कचेरीनं निकाली काढलेलं सामान. निवृत्त होताना आप्पांनी रीतसर अर्ज करून घरी आणलं होतं. जुनी साखळी, गाठ मारून बांधलेला जुडगा, आणि खाकी पिशवीत खुणेच्या सळया. माळ्यावर चढताना आप्पांचा सदरा खिळ्याला अडकून बगलेत फाटला, तो तसाच घालून ते शाळेत आले. त्या पिशवीत सळया नऊ होत्या. त्या मोजायची त्यांना गरज नव्हती.

या नऊ सळयांची गोष्ट इथं सांगावी लागेल, आप्पांना आवडो न आवडो.

साखळी एकट्या माणसाला ओढता येत नाही. एक पुढे, एक मागे. पुढचा साखळी ताणून टोकाला सळई रोवतो आणि मोठ्यानं आकडा पुकारतो. मागचा त्या सळईपाशी येतो, ती उपटतो आणि तोच आकडा परत पुकारतो. शेवटी मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितक्या साखळ्या. आप्पांच्या पुढे एकोणतीस वर्षं एकच माणूस होता: खांडबाऱ्याकडचा चेनमन दलपत गावित. आप्पांच्या घरची बोली गुजरी, दलपतच्या घरची डोंगरातल्या आदिवासींची कोकणी. दोघं एकमेकांशी कचेरीच्या मराठीत बोलायचे आणि एका डब्यात जेवायचे. नऊ वर्षांपूर्वी एका बांधाच्या मोजणीत शेवटी आप्पांच्या हातात नऊ सळया भरल्या. नऊ साखळ्या लिहिल्या गेल्या. पुढे तक्रार झाली, फेरमोजणीत बांध दहा साखळ्या निघाला, तेहतीस फुटांची चूक. चौकशी लागली. दलपत म्हणाला, "साहेब, मी दहा लावल्या होत्या." आप्पांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिलं की चेनमनच्या हलगर्जीपणामुळे एक सळई लावली गेली नाही. दलपतला निवृत्तीच्या तीन महिने आधी लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही. मीनाबाई सांगून सांगून थकल्या, दलपतभाऊंना फोन करा. त्यांच्या दहाव्याला दलपत आला होता, मागे लिंबाखाली उभा राहिला आणि चहा न घेता गेला. आप्पांनी पाहिलं होतं. हाक मारली नव्हती.

तर शाळेच्या मैदानात आप्पांनी जुडगा खाली ठेवला. गाठ सुटेना. नऊ वर्षांत ती कोणी सोडलीच नव्हती; त्या बांधाच्या मोजणीनंतर यंत्र आलं आणि साखळी तशीच गोदामात पडून राहिली होती. आप्पांनी दातांनी दोरी ओढली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ही गाठ दलपतची नाही. दलपतची गाठ एका झटक्यात सुटायची. ही त्यांची स्वतःची होती. त्या दिवशी आभाळ आलं होतं, शेवटची एसटी निघत होती आणि "तू राहू दे, मीच बांधतो" म्हणून शेवटचा आकडा न पुकारताच त्यांनी सगळं घाईनं गुंडाळलं होतं, आणि हातातल्या सळया नंतर एसटीत मोजल्या होत्या.

धर्मेंद्रनं साखळीच्या टोकाची मूठ धरली आणि चालू लागला. साखळी खणखणत उलगडली. मधल्या कड्यांमधून काहीतरी निसटलं आणि मातीत पडलं. लोखंडी सळई, वर कडी, कडीला लाल चिंधी. चिंधीचा लाल रंग अजून ताजा होता, कारण तिला ऊन लागलंच नव्हतं.

पुढे जे झालं ते आप्पांच्या विजयाचं होतं, पण आप्पा तिथं नव्हते. धर्मेंद्रला फोन आला आणि त्यानं मूठ सोडून दिली; मग कामिनी मॅडमनी ती धरली, भाऊसाहेबांनी टेप लावला आणि तेहतीस फूट भरले, ना इंच कमी ना जास्त. भाऊसाहेब म्हणाले, "मान गये." मॅडम म्हणाल्या, "सॉरी आप्पा, आकडा राहील, आणि खाली तेहतीस फुटांची साखळी असं लिहू." धर्मेंद्र फोन ठेवून म्हणाला, "तुम्हीच खरा निघनात, आप्पा." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आप्पा गुडघे टेकून बसले होते आणि पिशवीतल्या सळया मातीत ओळीनं मांडत होते. नऊ. आणि ही एक.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. फाशी देणाऱ्याचं अक्षर चांगलं असलं म्हणजे ते आणखी वाईट.

दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन होता. भिंतीचं उद्घाटन होतं, आप्पांना नारळ आणि शाल होती. आप्पा सकाळी सातच्या एसटीनं निघून गेले. शहाद्याला गाडी बदलली, नंदुरबारला रेल्वे पकडली. साखळीची पिशवी खांद्याला, आणि ती पिशवी पावलोपावली खणखणत होती. स्टेशनवर पोलिसानं थांबवलं.

"आजोबा, काय आहे आत?"

"साखळी."

"कशाला?"

खरं उत्तर लांब होतं. "चंद्र मोजायला," आप्पा म्हणाले. पोलिसानं त्यांच्याकडे, फाटक्या बगलेकडे पाहिलं आणि अतिशय प्रेमानं विचारलं, "सोबत कोणी आहे का तुमच्या?"

"नाही," आप्पा म्हणाले. असं सरळ कोणी विचारलं नव्हतं दोन वर्षांत. पोलिसानं त्यांना हाताला धरून खिडकीची जागा मिळवून दिली. समोरच्या बाईनं सल्ला दिला की म्हैस इतक्या जाड साखळीनं बांधू नये, मान सोलते.

खांडबाऱ्याला उतरून दोन मैल चालायचं होतं. म्हणजे एकशे साठ विलायती साखळ्या, आपल्या तीनशे वीस. आप्पांनी प्रत्येक साखळीला परत फिरायचा विचार केला. काय म्हणायचं, याची त्यांनी तीन मसुद्यांत तयारी केली होती आणि तिन्ही मसुद्यांत 'अनवधानाने' हा शब्द होता.

दलपतच्या घरापुढं मंगळीबाई, त्याची बायको, तूर झोडपत होती. तिनं मान वर केली, आप्पांना ओळखलं आणि काठी खाली ठेवली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आत तोंड करून आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं. दलपत बाहेर आला. डोक्यावर एक काळा केस राहिला नव्हता. तो दारातच उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला. त्या शब्दात पूर्वी जे असायचं ते नव्हतं.

आप्पांचे तिन्ही मसुदे तिथल्या तिथं बाद झाले. त्यांनी पिशवीतून सळया काढल्या आणि खाटेवर एकेक मांडल्या. दहावी त्यांनी जराशी वेगळी ठेवली.

"साखळीत होती," ते म्हणाले. "माझ्या गाठीत. काल सुटली."

दलपतनं सळई उचलली, चिंधी अंगठ्यानं चोळून पाहिली. ती चिंधी मंगळीबाईच्या जुन्या लुगड्याची होती, त्यानंच बांधलेली. मग तो सळई घेऊन आत गेला.

बराच वेळ गेला. आप्पा खाटेच्या कडेला टेकून बसले. मंगळीबाई पुन्हा तूर झोडपू लागली होती आणि तिचे घाव आप्पांना आपल्याच पाठीवर पडल्यासारखे वाटत होते. आपल्याला जायला सांगितलं आहे, फक्त तोंडानं सांगितलेलं नाही, असं धरून ते उठणार, तोच दलपत बाहेर आला. सळई कमरेला खोचलेली, एका हातात घडी पडलेला पिवळा कागद होता. ताकीद. नऊ वर्षं जपून ठेवलेली. आणि दुसऱ्या हातात पेन.

"मागे लिहून द्या," दलपत म्हणाला.

"दलपत, मी तोंडानं सांगतो ना. माझी चूक झाली."

"तोंडानं मीपण सांगितलं होतं, साहेब. तेव्हा कागदच खरा धरला."

बरोबर होतं. आप्पांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि लिहू लागले. अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडं आलं, चष्मा ओला झाला होता. त्यांनी लिहिलं की सदर मोजणीत श्री. दलपत गावित यांनी दहाच सळया लावल्या होत्या. एक सळई मोजणीदाराच्या हलगर्जीपणामुळे साखळीत गुंडाळली गेली. त्याबाबत दिलेला अहवाल खोटा होता. तारीख, सही, पूर्ण नाव. अंदाजे हा शब्द कुठे नव्हता, अनवधानाने हाही नव्हता.

दलपतनं ते ओठ हलवत वाचलं. एका जागी त्याचं बोट थांबलं. "श्री. लिहिलंय," तो म्हणाला.

"आधीच लिहायला पाहिजे होतं."

"पंच पाहिजे." त्यानं मंगळीबाईला बोलावलं. तिनं पदराला हात पुसले, कागद हातात घेऊन सगळा वाचला, मग सही केली आणि आप्पांना म्हणाली, "नऊ वर्षं हे घरात सळया मोजत होते. झोपेतसुद्धा. बसा आता, चहा टाकते."

आप्पा खाटेवर बसले आणि पिशवी पायाशी ओढून घेतली. मग दलपतनंच विचारलं, पिशवीकडे बोट करून, "आणि ही अख्खी साखळी कशाला उचलून आणली? सळई एक बस होती."

तेव्हा आप्पांनी सगळं सांगितलं. भिंत, भागाकार, सरकणारी हद्द, अर्जावरचा शेरा. लगतच्या कब्जेदारांपाशी दलपतचे खांदे हलू लागले. "गट नंबर नाही म्हणजे त्रुटी निघणारच," तो म्हणाला. "बरोबर आहे, साहेब."

"तीन कोटी ब्याऐंशी लाख सोळा हजार आठशे तेरा," आप्पा म्हणाले. "आणि वर तेरा आणे."

दलपतनं आण्यांना मान डोलावली. मग विचारलं, "पुढे कोण होतं?"

"कुठे?"

"साखळीच्या पुढे. सळई कोण लावत होतं?"

"कोणी नाही. कागदावरच केलं. एकट्यानं."

"मग ती मोजणी धरत नाहीत, साहेब," दलपत म्हणाला. त्यानं साखळी पिशवीतून ओढली, पुढची मूठ हातात घेतली, दहा सळया दंडाला अडकवल्या आणि घरामागच्या बांधाकडे निघाला. दुपारचे साडेतीन झाले होते. समोरच्या डोंगरावर अष्टमीचा चंद्र आला होता, फिकट, उन्हात कोणाचं लक्ष जाऊ नये असा. बांध नेमका त्याच्याच दिशेला जात होता, किंवा दलपत तसा चालत होता. साखळी ताणली गेली. आप्पांच्या हाताला पलीकडची ओढ लागली आणि त्यांनी मूठ घट्ट धरली.

"एक," दलपत पुढून ओरडला.

आप्पा सळईपाशी गेले, वाकले, उपटली. गुडघा कटकन वाजला. "एक," ते म्हणाले.

चार सळयांनंतर मंगळीबाईनं दारातून हाक मारली की चहा झाला. दलपतनं मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. सातव्या सळईला आप्पांना धाप लागली. आठव्याला दलपत थोडा हळू चालला, तसं दाखवलं मात्र नाही. बांध संपला तिथं त्यानं शेवटची सळई रोवली आणि काहीच न पुकारता बाजूला उभा राहिला.

आप्पा आले. सळई उपटली. हातातल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"दहा," ते म्हणाले.

"मोठ्यानं, साहेब. घरापर्यंत गेलं पाहिजे."

आप्पांनी घराकडे तोंड केलं आणि छाती भरून ओरडले, "दहा!" मंगळीबाईनं ऐकल्याची खूण म्हणून दारातून हात हलवला.

मग दलपतनं साखळी गोळा केली, आपली गाठ मारली आणि दोघं परत आले. खाटेवर दोन कप झाकून ठेवले होते. दलपत म्हणाला, गार झाला असेल, दुसरा टाकायला सांगतो. आप्पा नको म्हणाले. गार चहाची त्यांना सवय होती.